हवा पिणारं तेल

दुपारच्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत डबे उघडले, की सर आपला डबा हातात घेऊन टेबलाभोवती एक फेरी मारायचे. कुणी कोणती भाजी आणली आहे याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसायचं. पोळी आहे की भाकरी, एवढंच बघायचे आणि मान हलवत विचारायचे, "आन् जवस कुठाय?"

जवस कुणाकडेच नसायचं. मग सर खांद्यावरच्या झोळीतून तपकिरी काचेची एक बाटली काढायचे, पूर्वी खोकल्याचं औषध यायचं तसली, आणि ज्याच्या डब्यात भाकरी असेल त्याच्या भाकरीवर चमचाभर तेल सोडायचे. विचारायची पद्धत नव्हती. पोळीवाल्यांना मात्र मिळायचं नाही. पोळी तेल वरच्या वर ठेवते, भाकरी आत घेते, असं त्यांचं मत होतं.

नोकरीच्या पहिल्या दिवशी मी भाकरी नेली होती. नांदेडहून हैदराबादला येताना आईने ज्वारीचं पीठ बांधून दिलं होतं आणि अंबरपेठेतल्या भाड्याच्या खोलीत दुसरं काही करायला वेळ मिळाला नव्हता. सगळ्यांच्या डब्यात भात, पप्पू म्हणजे इथलं वरण, मऊ पोळ्या. नव्या लोकांत आपली जाड भाकरी काढायची मला लाज वाटत होती. तेवढ्यात त्या भाकरीवर पिवळ्या तेलाची बारीक धार पडली आणि डोक्यावरून आवाज आला, "चटणी असंल तर चटणी, नसंल तर नुसतं मीठ. खाऊन बघा, बाई."

मी खाल्लं. कच्च्या शेंगदाण्यासारखी चव होती, आणि ती विरल्यावर मागे ओल्या गवताचा वास राहिला. शेजारी बसत सरांनी माझं गाव विचारलं. मी सांगितल्यावर म्हणाले, "मग तुम्हाला काय नवीन सांगायचं." आणि पुढची अर्धी सुट्टी जवसाविषयी सांगत बसले.

सर हस्तव्यवसाय शिकवायचे, म्हणजे सुतारकाम. त्यांचं घराणं मूळचं उदगीरकडचं, शेतकऱ्याचं. वडील निजामाच्या अमदानीनंतर इकडे आले आणि इथलेच झाले. जामबागेतल्या आमच्या मराठी शाळेत सुतारकाम अजून वेळापत्रकात टिकून होतं ते सरांमुळे. ते निवृत्त झाले की तो तास बंद होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शाळेच्या मागच्या अंगाला कडुलिंबाखाली त्यांची पत्र्याची शेड होती. बाहेर कोठी बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर दिवसभर गाड्यांचा कल्लोळ चालायचा, पण शेडमध्ये पाऊल ठेवलं की तो आवाज पाण्याखालून येतोय असा वाटायचा. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काड्या खाली उतरलेल्या असत. त्यांत भुसा तरंगत असे. तास नसला की मी वह्या तपासायच्या निमित्ताने तिथे जाऊन बसायचे. वह्या तपासून व्हायच्या नाहीत. रंध्याचा आवाज ऐकता ऐकता डोळ्यांवर एक झापड यायची, झोपेची नाही, दुसरीच कसली तरी.

त्या शेडमध्ये जवसाच्या तेलाचा वास भरून राहिलेला असायचा. सरांकडे त्याच्या दोन बाटल्या होत्या. एक खाण्याची. बेगम बाजारातून जवस आणायचं, घराजवळच्या लाकडी घाण्यावर स्वतः उभं राहून तेल काढून घ्यायचं, तेही महिनाभर पुरेल इतकंच. ही बाटली शिक्षकांच्या खोलीतल्या फ्रिजमध्ये असायची, जेवायच्या वेळेपुरती झोळीत यायची. दुसरी बाटली लाकडाची. ते तेल रंगाच्या दुकानातलं. उकळलेलं, लवकर वाळावं म्हणून त्यात औषधं घातलेलं, पोटात गेलं तर विष. त्या बाटलीच्या गळ्याला सरांनी घुंगरू बांधलं होतं. उचलली की ते वाजायचं.

"डोळे दुसरीकडं असले तरी कानाला कळालं पाहिजे," ते म्हणाले, "ही आपली नाही म्हणून."

खाण्याच्या तेलाचे नियम निराळे होते. ते कधी तापवायचं नाही. "फोडणीला शेंगदाण्याचं घ्या. हे वरून. तापवलं की मरतं, उजेडात ठेवलं की रुसतं." म्हणून तपकिरी काच. अख्खं जवस खाण्यात अर्थ नाही, ते जसं आलं तसं जातं. भाजून, कुटूनच खायचं. लसूण, सुकी मिरची, मीठ घालून केलेली त्यांच्या घरची चटणी आम्ही सगळ्यांनी खाल्ली होती. माशांत हृदयाला बरं असं जे काही असतं, त्याचं धाकटं भावंड जवसात असतं, असं ते सांगायचे. "आमच्या घरात मासा कधी आला नाही. जवस होतं, त्याच्यावर निभावलं. तुम्ही मासे खाता का, बाई?"

"खाते की."

"मग तुमची दोन्हीकडून मजा."

पण हेच सर आमच्या मुख्याध्यापिकांच्या, म्हणजे मोठ्या बाईंच्या भाकरीवर कधी थेंबही सोडायचे नाहीत. त्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू होती. त्यांनी एकदा स्वतःहून डबा पुढे केला तर सर म्हणाले, "आधी डॉक्टरला विचारा. मी सुतारमास्तर आहे. हे अन्न आहे, औषध नाही, आन् अन्नसुद्धा सगळ्यांना सारखं लागू पडत नाही."

तेल थोडं जुनं झालं, जिभेला कडू लागलं, की ते खाण्यातून बाद. मग ते झाडूच्या दांड्याला, कुदळीला, विळीच्या पाटाच्या खालच्या बाजूला. नव्या पोळपाटाला मात्र ताजं, खायचंच तेल. घुंगराची बाटली तिथे चालायची नाही. एका बाईंनी घराच्या दाराची करकर थांबवायला तेल मागितलं तर दिलं नाही. "बिजागरीला जवस नको. चिकटून बसतं. मग दार उघडणारच नाही तुमचं." जवस उकळून त्याचा जो चिकट गर होतो तो केसांना लावायला दोन शिक्षिकांना त्यांनी सांगितलं होतं आणि पुढचा महिनाभर त्यांच्या केसांकडे ते कामाची पाहणी करावी तसे बघत असत. भेगाळलेल्या टाचा हा त्यांचा आणखी एक आवडता विषय होता. आमच्या शाळेचा शिपाई यादय्या अनवाणीच वावरायचा. त्याला खाली बसवून सरांनी एकदा स्वतःच्या हाताने त्याच्या टाचांना तेल चोळलं होतं. यादय्या लाजून नुसता "नक्को सर, नक्को सर" करत होता.

सर बोलायचे ते असं. साधी गोष्ट साध्या शब्दांत सांगणं त्यांना जमायचं नाही, किंवा आवडायचं नाही. लाकूड कोरडं पडलं आहे असं न म्हणता ते तहानलं आहे म्हणायचे. खिळा वाकला तर त्याचा विचार बदलला. आणि तेल सुकण्याविषयी तर त्यांचं एक लाडकं वाक्य होतं, ते दरवर्षी नव्या वर्गाला ऐकवायचे.

"पाणी सुकतं म्हणजे जातं. जवसाचं तेल सुकतं म्हणजे येतं."

मुलं हसायची. मग सर एका पत्र्याच्या तुकड्यावर तेलाचा पातळ हात मारायचे, तो तुकडा प्रयोगशाळेतल्या तराजूत तोलायचे आणि खिडकीत ठेवून द्यायचे. चार-पाच दिवसांनी तेल घट्ट, कोरडं झालेलं असे. पुन्हा तोलायचे. वजन वाढलेलं. "हवा पितं ते," सर हळूच म्हणायचे, जणू शेजारी कुणी झोपलं आहे. "बसल्या बसल्या हवा पितं आन् अंगात मुरवून घेतं." आमची मुलं घरी एक भाषा बोलायची, रस्त्यावर दुसरी, आणि मराठी वाचायची वेळ आली की अक्षरावर बोट ठेवून अडखळायची. पण हे वाक्य त्यांना पाठ होतं.

लाकडाला तेल लावून झालं, की त्या चिंध्या सर कडुलिंब आणि शेडच्या खांबामध्ये बांधलेल्या दोरीवर एकेक करून पसरायचे. मुलं त्याला 'सरांचं धुणं' म्हणायची. दुसऱ्या दिवशी चिंध्या पापडासारख्या कडक झाल्या, की मगच त्या कचऱ्यात जायच्या. एखाद्याने चिंधीचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर सर तो उचलून उलगडायचे. "त्यांना मोकळं बसू द्या रे. कोंबल्या की रागावतात."

आम्ही सगळे ते ऐकून घ्यायचो. सरांच्या हजार वाक्यांतलं ते एक.

माझ्या नोकरीचं पहिलं वर्ष सरत आलं तेव्हा मी मराठी पुस्तकांची खोली पुन्हा उघडायचं मनावर घेतलं. पुस्तकं अडगळीच्या खोलीत गठ्ठे बांधून पडली होती आणि तिथेच दोन जुनी सागवानी कपाटं उभी होती, धुळीने राखाडी झालेली. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा मुलांना ती खोली दिसावी, असं माझ्या मनात होतं. सरांना विचारलं. त्यांनी कपाटाच्या दारावर तळहात ठेवला, बराच वेळ ठेवला आणि म्हणाले, "जिवंत आहे. पाणी मागतंय."

एप्रिलच्या शेवटी मुलांना सुट्टी लागली. रोज सकाळी आम्ही दोघं त्या खोलीत काम करायचो. आधी काचपेपर, मग तेल. चिंधी घुंगराच्या बाटलीतल्या तेलात भिजवायची आणि लाकडाच्या रेषेने फिरवत न्यायची. राखाडीखालून एकेक रेघ वर यायची, मधासारखी, मग दुसरी, मग सगळं दार. खिडकीतून गरम वारा यायचा. आम्ही तासन्तास बोलायचो नाही. त्या आठवड्याइतकं शांत मला हैदराबादमध्ये आधी कधी वाटलं नव्हतं. नव्या शहरात माणसाला सारखं कुठेतरी उभं असल्यासारखं वाटतं. त्या खोलीत मी पहिल्यांदा बसले.

शनिवारी सरांना पत्नीला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं होतं. अकरालाच निघाले. फाटकातून वळून म्हणाले, "बाई, चिंध्या पसरून जा. नाहीतर रागावतील."

"हो सर," मी म्हटलं.

दीडच्या सुमाराला माझं काम आटोपलं. तेवढ्यात आईचा फोन आला. ती विहारातून परत येताना बोलत होती. गावी कधी येतेस, तिकीट काढलंस का. खांद्याने फोन कानाशी धरून मी खोली आवरत होते. बाहेर दोरीपर्यंत जायचं तर ऊन असं, की अंगण पांढरं दिसत होतं. मी आठही चिंध्या गोळा केल्या, पुठ्ठ्याच्या एका खोक्यात दाबून बसवल्या, झाकण बंद केलं आणि खोकं कोपऱ्यात जुन्या बाकांच्या खाली सरकवलं. खोली कशी नेटकी दिसत होती. कुलूप लावून मी घरी गेले.

दिवेलागणीच्या आधी मोठ्या बाईंचा फोन आला. मी पोचले तेव्हा आग विझली होती. यादय्या फाटकाजवळच्या खोलीत राहायचा. त्याला धूर दिसला, त्याने कुलूप तोडलं आणि आत शिरून बादल्यांनी पाणी ओतत राहिला. बंब येईपर्यंत निम्मं त्यानेच विझवलं होतं. बाक जळाले होते. दोन कपाटांपैकी एक गेलं होतं, आणि खिडकीखाली ठेवलेले पुस्तकांचे तीन गठ्ठे. यादय्याचे दोन्ही हात भाजले होते. ओल्या राखेचा वास अंगणभर पसरला होता.

खिडकीच्या चौकटीवर बिडीचं थोटूक सापडलं. यादय्या बिड्या ओढायचा, तेही त्याच खिडकीत बसून, हे सगळ्यांना माहीत होतं. मोठ्या बाईंनी दोनदा ताकीदही दिली होती. सोमवारी त्याला सांगण्यात आलं, कामावर येऊ नकोस. संस्थेचे अध्यक्ष शनिवारी येतील तेव्हा काय तो निर्णय होईल. तो मान खाली घालून, पट्ट्या बांधलेले हात पुढे धरून उभा होता.

सरांना हे सोमवारीच कळलं. ते थेट जळक्या खोलीत गेले. मीही गेले. सर कोपऱ्यात उकिडवे बसले, जमिनीवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "बाई, चिंध्या कुठं पसरल्या होत्या?"

"खोक्यात ठेवल्या होत्या."

"कुठं?"

"तुम्ही बसलाय तिथं."

सर तसेच खाली फरशीवर टेकले. म्हणाले, "मोकळं बसू द्या म्हणालो होतो ना."

"हो सर. पण म्हणजे काय, ते मला कळलं नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रागाची वाट बघत होते. तो आला नाही. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं, जसं एखाद्याला अंधारात स्वतःच्याच घराची पायरी चुकावी. मग त्यांनी मला पहिल्यांदाच सरळ भाषेत सांगितलं. हे तेल सुकताना हवा ओढतं तेव्हा गरम होतं. कापड पसरलेलं असलं तर ती ऊब निघून जाते. गोळा करून ठेवलं तर ऊब आतच राहते, वाढत जाते, आणि शेवटी कापड पेटतं. काडी लागत नाही. तरुणपणी ज्या फर्निचरच्या कारखान्यात ते शिकले, तिथल्या उस्तादांनी त्यांना पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं.

"त्यांनी सरळ सांगितलं होतं," सर म्हणाले. "आग लागते, एवढंच."

ते उठले आणि मोठ्या बाईंकडे गेले. मी दाराबाहेर थांबले. आतून मोठ्या बाईंचा आवाज येत होता, वाईट नव्हता, थकलेला होता. "सर, चिंध्या आपोआप पेटतात? हे तुमचं हवा पिण्यासारखंच ना?"

"तसंच. तेच आहे ते."

"यादय्याला वाचवायचंय तुम्हाला, मला कळतं. पण अध्यक्षांना मी असलं कसं सांगू?"

"तुम्ही सांगू नका. मी दाखवतो. शनिवारी एक दुपार माझ्यासोबत बसा म्हणा त्यांना."

"आणि चिंध्या तिथं ठेवल्या कोणी?"

"माझं तेल, माझ्या चिंध्या," सर म्हणाले.

मी आत जायला हवं होतं. माझी नोकरी कायम व्हायला महिना राहिला होता. घरात पगार आणणारी मी पहिलीच मुलगी. मी दारातून वळले आणि घरी गेले. पुढचे पाच दिवस मी घरीच होते. पंखा फिरत होता आणि मी त्याच्याकडे बघत होते.

शनिवारी अकरा वाजता सरांनी अंगणाच्या मधोमध एक लोखंडी पिंप ठेवलं. आत पुठ्ठ्याचं खोकं, तेवढंच. आठ चिंध्या, तेवढ्याच. सगळ्यांसमोर घुंगराच्या बाटलीतलं तेल त्यांवर ओतलं, पिळल्या, खोक्यात दाबल्या, झाकण लावलं. बाजूला पाण्याच्या चार बादल्या आणि वाळूचं घमेलं. मग ते फडक्याला हात पुसून, ते फडकं बादलीत बुडवून कडुलिंबाखाली येऊन बसले. तिथे चार खुर्च्या मांडल्या होत्या. अध्यक्ष, म्हातारे, पांढऱ्या टोपीतले, आधी कापडाचा धंदा केलेले. मोठ्या बाई. सर. मी. यादय्या लांब, फाटकाच्या सावलीत उकिडवा.

बारा वाजले. काही झालं नाही. कडुलिंबाची बारीक फुलं अध्यक्षांच्या टोपीवर पडत होती. पिंप उन्हात थरथरल्यासारखं दिसत होतं, पण उन्हात सगळंच थरथरतं. मी त्याच्याकडे एकटक बघत होते आणि माझ्या मनात दोन गोष्टी एकाच वेळी चालल्या होत्या. पेटू दे, म्हणजे यादय्या सुटेल. नको पेटू, म्हणजे मी सुटेन. दोन्ही तितक्याच जोराने. इतका वेळ एकाच जागी बघत राहिल्यावर मला आपण जागे आहोत की नाही, तेही कळेनासं झालं.

एक वाजता अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. "सर, जेवणाची वेळ झाली."

सरांनी डबा आणला होता, सगळ्यांना पुरेल असा. भाकरी, चटणी. अध्यक्षांनी घास घेतला आणि विचारलं, "कशाची हो ही चटणी?"

"जवसाची," सर म्हणाले, आणि पुढे काहीच म्हणाले नाहीत. जवसाविषयी विचारल्यावर ते गप्प बसलेले मी पहिल्यांदा पाहिलं.

दोन वाजून गेल्यावर वास आला. रंगाच्या दुकानात येतो तसा, पण जडसर. सर उठले. आम्हा तिघांना पिंपाजवळ नेऊन अध्यक्षांना म्हणाले, "वर हात धरा. लांबून." अध्यक्षांनी तळवा धरला आणि मागे घेतला. मग झाकणाच्या फटीतून धुराचा एक धागा वर निघाला, सरळ, वारा नसल्यामुळे अजिबात न हलता. खोक्याची एक बाजू तपकिरी झाली. तिथे एक काळं भोक पडलं, त्याची कड लाल झाली आणि ती कड हळूहळू रुंदावत गेली. आत कुठेतरी एकदम ज्योत उभी राहिली. सरांनी एक श्वासभर ती सगळ्यांना बघू दिली आणि मग बादली ओतली.

अध्यक्ष बराच वेळ पिंपात बघत होते. "कुणी काडी लावली नाही," ते स्वतःशीच म्हणाले. मग वळले. "सर, इतकं माहीत असून तुम्ही चिंध्या तशा ठेवल्यात?"

सरांनी तोंड उघडलं. त्याआधी मी पुढे झाले होते.

"मी ठेवल्या. सर दुपारी नव्हतेच. त्यांनी पसरायला सांगितलं होतं."

"का पसरायच्या, ते त्यांना माहीत नव्हतं," सर शांतपणे म्हणाले. "मी कधी सांगितलं नाही. गोड बोलत राहिलो."

अध्यक्षांनी यादय्याला सोमवारपासून यायला सांगितलं. मला लेखी ताकीद मिळाली आणि कायम होणं एक वर्ष पुढे गेलं. मला ती शिक्षा कमी वाटली.

मी फाटकाशी गेले. यादय्या अजून तिथेच बसला होता. मी म्हटलं, माझ्यामुळे तुमचे हात भाजले. तो पट्ट्यांकडे बघत राहिला.

"मैं भी समझा मेरीच बिडी थी बोलके, मिस," तो म्हणाला. "आठ दिन मैं अपने आपकोच बोल रा था, तूच जलाया, बच्चों की किताबां तूच जलाया." मग थांबून म्हणाला, "नींद नई आती थी. अब सोता."

ते ऐकून मी तिथेच फाटकाला टेकून बसले. पाच दिवस मी पंख्याकडे बघत होते, तेव्हा हा माणूस ते स्वतःला सांगत होता.

जूनमध्ये एकाच कपाटाची खोली उघडली. मुलं आली, अडखळत वाचू लागली, काही पुढे सरसर वाचायला लागली. यादय्याच्या हातांवर डाग राहिले, पण बोटं सगळी वळायची. बिडी त्याने सोडली नाही, फक्त खिडकी सोडली.

बदलले ते सर. शेडच्या दारावर त्यांनी मराठी, तेलुगू आणि उर्दूत पाटी लावली. मराठी मजकूर मला तपासायला दिला. 'तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नका. आपोआप आग लागते. पाण्यात बुडवा किंवा पसरून वाळवा.' त्यात एक शब्द जास्त नव्हता. नव्या वर्गाला ते तसंच शिकवू लागले. लाकूड कोरडं आहे. खिळा वाकला. तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. पत्र्याचा तुकडा तोलायचे, आकडे फळ्यावर लिहायचे. मुलं ऐकून घ्यायची, हसायची नाहीत. डब्यांभोवतीची फेरी चालू राहिली, भाकरीवर तेलही पडायचं, पण आता चमचा मोजून, आणि सोबत एकच वाक्य, "रोज एक चमचा पुष्कळ झाला. जास्त घेतलं तर पोट बिघडतं."

मी एकदा म्हटलं, "सर, पूर्वीसारखं बोला ना."

"नको, बाई. त्या बोलण्यानं एक माणूस नोकरीवरून जात होता."

"चूक माझी होती."

"तुमची होतीच. माझी त्याच्या आधीची."

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. सुतारकाम बंद झालं, शेडमध्ये आता सायकली लावतात. अंबरपेठेत त्यांचं घर माझ्या खोलीपासून जवळ आहे. पत्नी गेल्यापासून ते एकटेच असतात. मी अधूनमधून जाते. ते चहा करतात, तब्येत विचारतात, माझी नोकरी कायम झाली का ते दरवेळी नव्याने विचारतात. झाली म्हटलं की मान हलवतात. बोलणं लवकर संपतं.

गेल्या थंडीत मी गावाहून बसने परत येत होते. सकाळची वेळ. रस्त्याला लागून एक शेत होतं, सगळंच्या सगळं निळं. फिकट निळं, थोडं धुकं मिसळलेलं. बस चहासाठी थांबली तेव्हा मी उतरून मोबाइलवर फोटो काढला. पीक कसलं ते मला माहीत नव्हतं. त्याच संध्याकाळी सरांकडे गेले आणि फोटो त्यांच्यासमोर धरला.

त्यांनी चष्मा पुसला. "जवस," म्हणाले. "ऑक्टोबरात पेरतात. थंडीत फुलतं. फूल सकाळी उमलतं, दुपारपर्यंत पाकळ्या गळतात. म्हणून लोकांना दिसत नाही."

"इतकी वर्षं जवस जवस करत होता, फूल निळं असतं हे कधी बोलला नाहीत."

मोबाइल त्यांनी हातात घेतला होता. दोन बोटांनी ते फोटो मोठा करत होते, आणखी मोठा, शेवटी पडद्यावर नुसता निळा रंग उरला. बाहेर भाजीवाला तेलुगूत भाव पुकारत गेला. चहा गार होत होता.

"चार-पाच वर्षांचा असेन," सर म्हणाले. आवाज खाली गेला होता, शेजारी कुणी झोपल्यासारखा. "गावी गेलो होतो, आजोळी. सकाळी उठून बघतो तर मागच्या बाजूला तळं. काल नव्हतं. मला वाटलं, रात्रीतून आलं. मी बांधावर गेलो, कपडे काढून नीट घडी करून ठेवले आन् उडी मारली."

"मग?"

"मग काय," सर म्हणाले. "आई शोधत येईपर्यंत पोहत होतो."